यात्रेच्या चित्रातली एकटी बाई

नोकरीत पाहिलेल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणती चोरी कोणत्या हद्दीतली, कोणत्या मारामारीत कोण फिर्यादी होता, असं कोणी विचारलं तर थांबून आठवावं लागतं. ही एक मात्र मिसळत नाही. ती वेगळी उभी राहते आणि आठवली की त्या दिवशी जेवण नीट जात नाही.

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. वडिलांना सही येत नव्हती. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी काचेत बसवून देवाशेजारी लावलं होतं आणि आल्यागेल्याला ते दाखवायचे. त्याचा मला आजही अभिमान आहे. सांगायचं एवढंच, की जे लिहीन ते सरळ लिहीन. नावं कोणाचीच घेणार नाही. ज्यांची आहेत त्यांना वाचताच कळेल.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक म्हणून नुकताच बदलून आलो होतो. नवरात्राचा बंदोबस्त संपला होता आणि दिवाळीच्या बाजाराचा सुरू व्हायचा होता. अशा मधल्या दिवसांत ठाणं जरा सैल असतं. सकाळची हजेरी झाली, ड्युट्या वाटून झाल्या आणि मी केबिनमध्ये टपाल बघत बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एका बाईचा आवाज चढलेला ऐकू आला.

"मावशी, हे चित्र हाय. रंगानं काढलेलं. फोटू नाय हा," आमचे हवालदार समजावत होते.

"दिसतंय ना मला चित्र हाय ते. आंधळी हाय का मी?"

"मंग?"

"मंग काय मंग. काढणारीनं बघितल्याबिगर काढलं का? तुमचं काढलं तं तुमच्या मिशा येतील का नाय त्याच्यात?"

हवालदारांच्या मिशा जिल्ह्यात ओळखीच्या होत्या. दोन शिपाई हसले. बाई हसली नाही. मी तिला आत बोलावून घेतलं.

पन्नाशीची, उन्हात राबलेली बाई. देवगाव रंगारीच्या बाजूच्या एका गावातून पहाटेच्या गाडीने आली होती. बरोबर मुलगा होता. तो शहरातल्या एका कंपनीच्या मालकीणबाईंची गाडी चालवायचा. त्याने हकिगत सांगितली ती अशी: क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. मालकीणबाई तिथे पाहुण्या होत्या. फुलांचा गुच्छ गाडीत विसरला म्हणून हा तो द्यायला आत गेला, आणि समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या चित्रात त्याला त्याची बहीण दिसली.

त्याने मोबाइल पुढे केला. कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेचा रस्ता होता. बांगड्यांची दुकानं, रेवड्यांचे ढीग, मागे आकाशपाळणा, तांबड्या-पिवळ्या रंगांची नुसती उधळण. मध्यभागी सात-आठ बाया आणि त्यातली एक तरणी, चॉकलेटी साडीतली.

"हीच," आई म्हणाली. "साडी बी मीच घेतलेली. पंचमीला आली व्हती तवा. चॉकलेटी, हिरव्या काठाची. आन् हे बघा, भुवईवर. लहानपणी मळणीच्या मशीनपाशी पडली व्हती."

चित्रातल्या बाईच्या डाव्या भुवईवर बारीक पांढरी रेघ होती.

मुलगी लग्न होऊन शहरात आली होती. नवरा सोयगाव तालुक्यातला, इथं कंपनीत कामाला. आमच्याच हद्दीत खोली करून राहायचे. मी यायच्या आधी, दोन नवरात्रांपूर्वी, नवऱ्याने तक्रार दिली होती की बायको न सांगता घरातून निघून गेली. ठाण्याच्या भाषेत मिसिंग. सासरच्यांनी माहेरी निरोप दिला की तुमची पोरगी कोणाचातरी हात धरून गेली. मुलीच्या बापाने त्या दिवशी ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं, ती आपल्याला मेली, तिचं नाव या घरात कोणी काढायचं नाही. त्यानंतर आईने ते नाव घेतलं नाही. निदान कोणाला ऐकू जाईल असं घेतलं नाही.

"सायब, चित्र औंदाचं हाय," ती म्हणाली. "पोरानं विचारलं तिथं. म्हंजी औंदा ती जत्रंला आल्ती. हितंच हाय ती, या शहरात. मला काय करायचंय ती कुणासंगं हाय ते. मला निस्तं बघू द्या. लांबून बघीन."

तिच्या बोलण्यात मला कुठे खोट काढता येईना. मी जुनी मिसिंग काढायला सांगितली आणि एका महिला पोलीस नाईकबाईंना घेऊन हॉलवर गेलो.

चित्र मोबाइलवर वेगळं दिसतं आणि समोर वेगळं. भिंतभर होतं ते. बघायला आलेले लोक म्हणत होते, किती आनंदी चित्र आहे, काय रंग आहेत. मला चित्रातलं काही कळत नाही. पण कर्णपुऱ्याच्या यात्रेचं मला कळतं. याआधी या शहरात असताना नवरात्रात मी तिथे कितीतरी वेळा उभा राहिलोय. पाकीटमार शोधायचे, हरवलेली पोरं आईबापांच्या हवाली करायची, हे सगळं गर्दी वाचता आल्याशिवाय होत नाही. यात्रेत बाई एकटी नसते. जावेचा हात धरलेला असतो, सासूच्या मागे असते, पोर कडेवर असतं, नाहीतर पोराने पदर धरलेला असतो. या चित्रात मधल्या सगळ्या बाया एकएकट्या होत्या. कोणाचा हात कोणाच्या हातात नाही. कोणी दुकानाकडे बघत नाही. सगळ्या समोर बघत होत्या, आपल्याकडे.

नाईकबाई चित्राच्या जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "साहेब, यांच्या हातात ओटीचं काहीच नाय. रिकाम्या हातानं देवीला कोण जातं?"

तिथून आम्ही चित्रकार बाईंचा पत्ता घेतला. त्या गारखेड्याच्या बाजूला एका फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. ती आई काही केल्या ठाण्यात बसेना. मी बी येते म्हणाली. तिला जीपमध्ये मुलाजवळ खाली बसवलं आणि मी आणि नाईकबाई वर गेलो.

चित्रकार बाई चाळिशीच्या असतील. कुडता रंगाने माखलेला, केस आखूड, बोलणं तुटक. पोलीस दारात बघून घाबरल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "कोणाच्या भावना दुखावल्या?"

"कोणाच्या नाही," मी म्हणालो. "तुमच्या यात्रेच्या चित्रात चॉकलेटी साडीतली एक बाई आहे. ती तुम्ही कुठे पाहिली?"

"तुमच्याकडेच."

"म्हणजे?"

"तुमच्या भिंतीवर."

मला चेष्टा वाटली. त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं. एका भिंतीवर वर्तमानपत्रांची कात्रणं आणि भिंतींवरून सोडवून आणलेली पत्रकं टाचलेली होती. ती पत्रकं काय आहेत हे मला वाचावं लागलं नाही. अनोळखी मृतदेह मिळाला की आम्ही शोधपत्रिका काढतो. चेहऱ्याचा फोटो, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, खुणा, ओळख पटल्यास संपर्क साधावा. बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, सरकारी दवाखान्यात लावतो. येणारेजाणारे तोंड फिरवून जातात. या बाई तिथे थांबायच्या.

"चेहरा सुजलेला असतो," त्या सांगत होत्या. "सूज काढून टाकायची. खाली हाड तेच असतं. मग डोळे उघडायचे. कपडे तुम्ही लिहिलेलेच असतात, ते तसेच ठेवते. यांना न्यायला कोणी आलेलं नसतं. जत्रेत कोणी कोणाला विचारत नाही, तू कोण म्हणून. तिथे यांना उभं करता येतं."

"चित्राखाली तसं लिहिलं का नाही?"

"लिहिलं असतं तर लोकांनी इथेही तोंड फिरवलं असतं."

भिंतीवर मला ती सापडली. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ठाण्याची शोधपत्रिका. नदीपात्रात मिळालेला स्त्रीचा मृतदेह. चॉकलेटी साडी, हिरवे काठ. डाव्या भुवईवर जुना व्रण. फोटो बघून सख्खा भाऊसुद्धा ओळखणार नाही असा होता. आणि तिच्या बाजूच्या कात्रणातली म्हातारी माझ्या ओळखीची निघाली. एका जुन्या पोस्टिंगला रेल्वे स्टेशनच्या बाकावर मिळालेली. पंचनामा मीच केला होता. चित्रात ती आकाशपाळण्याखाली उभी होती आणि हसत होती.

"काय झालं?" चित्रकार बाईंनी विचारलं. "ओळख पटली का हिची?"

"हिची आई खाली जीपमध्ये बसली आहे," मी म्हणालो. "तुमचं चित्र बघून आली. मुलगी जिवंत आहे, यात्रेला आली होती, असं तिला वाटतंय."

बाई जवळच्या स्टुलावर बसल्या. हातातला रंग पुसायचा बोळा त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाल्या, "असं कोणी येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही." थोड्या वेळाने, "मी सांगू का त्यांना?"

"नको. ते आमचं काम आहे."

पण खाली उतरून मी ते केलं नाही, आणि त्याचं कारण होतं. साडी आणि व्रण यावरून आपल्याला खात्री वाटते, पण कायद्याने ती ओळख नव्हे. जोपर्यंत प्रयोगशाळा सांगत नाही तोपर्यंत आईला तुझी मुलगी मेली असं सांगायचा अधिकार पोलिसाला नाही. आणि दुसरं, बोभाटा झाला असता तर नवरा सावध झाला असता. जीपचं दार उघडलं तशी ती पुढे सरकली.

"काय म्हणती? कुठं बघितलं म्हणती? पत्ता देला का?"

"तपास चालू आहे, मावशी."

"बोलली का तिच्यासंगं? बरी हाय का?"

नाईकबाई जीपच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मी पुन्हा तेच वाक्य म्हणालो.

जुनी मिसिंग वाचली. नवऱ्याने लिहून दिलं होतं, जाताना अंगात पिवळा पंजाबी ड्रेस, खूण काही नाही. बरोबर राहणाऱ्या नवऱ्याला बायकोच्या भुवईवरचा व्रण माहीत नाही. पुढचं वाचून मी कागद खाली ठेवला. नदीतला मृतदेह मिळाल्यावर शेजारच्या जिल्ह्यातून बिनतारी संदेश आला होता. आमच्या तेव्हाच्या कर्मचाऱ्याने रीतीप्रमाणे नवऱ्याला नेऊन फोटो दाखवला होता. नवऱ्याने सांगितलं होतं, ही आमची नाही. तसा जबाब घेतला आणि विषय संपला.

आईला कोणी नेलं नव्हतं. तक्रारदार नवरा, म्हणून ओळखायला नवरा. लेक दिली की ती त्या घरची, हे गावातल्या माणसाला जसं वाटतं तसंच आमच्या खात्यालाही वाटत होतं. त्यात कोणाला काही चूक दिसली नाही. सासरच्यांना विचारलं, बापाने नाव टाकलं, पोलिसांनी जबाब घेतला. रडायला आणि ओळखायला जी एकटी हक्काची होती, तिच्यापर्यंत ती गोष्ट गेलीच नाही.

त्या शेजारच्या ठाण्याचे उपकार मानले पाहिजेत. त्यांनी प्रेत पुरण्याआधी हाडाचा नमुना राखून ठेवला होता. आता आईचं रक्त हवं होतं. मी मुलाला बोलावून खरं काय ते सांगितलं. तो पहिलं काय म्हणाला तर, "आईला मी नाय सांगणार. मला नाय जमायचं."

रक्त घ्यायला तिला सरकारी दवाखान्यात आणलं. तिथलं वातावरण बघितलं, नर्सने बाही वर करायला सांगितली, तशी ती माझ्याकडे वळली. चेहरा एकदम उजळला होता.

"रगत तिला पायजे का? हितं दाखल हाय का ती?"

मी नमुन्याचा फॉर्म नर्सकडे दिला.

"घ्या, लागंल तेवढं घ्या. माझं न् तिचं एकच हाय," ती नर्सला म्हणाली. "कमी नका घेऊ."

नर्सने माझ्याकडे बघितलं. नोकरीत मी माणसांना मार खाताना बघितलंय, मरताना बघितलंय. पण त्या दिवशी मी त्या खोलीतून बाहेर जाऊन उभा राहिलो.

अहवाल यायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत ती दर आठवड्याला ठाण्यात यायची. हवालदार तिला चहा पाजायचे, थट्टा करायचं त्यांनी सोडून दिलं होतं. गावात तिने सांगून टाकलं होतं की पोरगी सापडली, दवाखान्यात आहे, पोलिसांनी भेटू दिलं की आणते. दिवाळी तशीच गेली. एकदा डब्यात अनारसे घेऊन आली आणि म्हणाली, "तिच्यापत्तुर पोचवा. कुणी देलं ते सांगू नका पायजे तं. चवीनंच वळखंल ती."

नाईकबाईंनी डबा घेतला. त्यांनी त्याचं काय केलं हे मी विचारलं नाही.

अहवाल आला. जुळलं. नवऱ्याला मी दुसऱ्याच दिवशी चौकशीला बोलावलं. त्याने एव्हाना दुसरं लग्न केलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आला, नमस्कार केला, बसू का विचारलं. चौकशीबद्दल लोकांच्या डोक्यात सिनेमातल्या कल्पना असतात. खरी चौकशी म्हणजे समोरच्याला बोलू देणं आणि तो काय विचारत नाही ते ऐकणं.

मी आधी शोधपत्रिकेचा फोटो ठेवला.

"ही माझी नाय, साहेब. मागं बी सांगितलंय मी. जबाब हाय माझा."

"बरं," म्हणालो आणि चित्राचा फोटो ठेवला. मोठा काढून आणला होता.

ज्याची बायको पळून गेली तो माणूस असा फोटो बघितल्यावर शिवी देतो. नाहीतर विचारतो, कुठे आहे, कोणाबरोबर आहे. या माणसाने यातलं काही विचारलं नाही. तो बघत राहिला. शेवटी स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "डोळे उघडे काढलेत."

"यात्रेतल्या बाईचे डोळे उघडेच असणार. तू मिटलेले कुठे पाहिलेस?"

त्याने शोधपत्रिकेकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मग पाणी मागितलं. पाणी प्याला आणि बोलायला लागला.

गोष्ट लहान होती. अशा गोष्टी लहानच असतात. ती माहेरी जायचं म्हणत होती, तो नको म्हणत होता. भांडण वाढलं, त्याने ढकललं, तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. मेली असं वाटून त्याने गावाकडून मोठ्या भावाला बोलावलं, आणि दोघांनी तिला गाडीत घालून जिल्ह्याबाहेर नेलं. मी विचारलं, "नदीत टाकताना ती मेलेली होती का?" तो म्हणाला, "भाऊ म्हणला, मेली." एवढंच उत्तर त्याने दिलं, आणि कितीही वेळा विचारलं तरी तेवढंच देत राहिला.

दोघांना अटक झाली. मी गावी गेलो. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती.

ती अंगणात होती. जीप बघून तिने आधी मागच्या सीटकडे बघितलं. बाप ओसरीवर होता. मी खाली सतरंजीवर बसलो आणि सगळं सांगितलं. चित्र कसं काढलं तेही सांगितलं.

"मंग ती जत्रंला आलीच नाय?"

"नाही, मावशी."

"आन् रगत?"

"ते ओळख पटवायला होतं."

बाप उठून घरात गेला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. बाई म्हणाली, "कुठं ठिवलंय तिला?"

मी तिला घेऊन गेलो. शेजारच्या जिल्ह्यात, गावाबाहेर, बेवारस प्रेतं पुरायची जागा. बाभळी माजलेल्या. तिथल्या माणसाने हात फिरवून दाखवलं, या अंगाला असंल, नाहीतर त्या. मधल्या पावसाळ्यात सगळं सपाट झालं. ती आधी एका बाजूला बसली, मग उठून दुसऱ्या बाजूला बसली. कुठे बसायचं ते तिला ठरवता येईना. मुलाने तिला धरून आणलं.

मी मन लावून दोषारोपपत्र तयार केलं. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे वाचकांना माहीत असेल. गाडी विकून तिचे सुटे भाग झाले होते. खोलीला दोनदा रंग दिला होता. कपड्यांचा मुद्देमाल मुदतीनंतर नष्ट झाला होता. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण सांगता आलं नव्हतं. एकच गोष्ट सिद्ध झाली, की मेलेली बाई ती आहे. मारली कोणी, हे नाही. कपडे चुकीचे का सांगितले? बचावाचं म्हणणं, कामावरून आलेल्या माणसाला बायकोचे कपडे आठवतीलच असं नाही. फोटो का ओळखला नाही? तो फोटो कोणालाच ओळखता आला नसता, आणि हे खरंच होतं.

चित्रकार बाईंची साक्ष झाली. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे बाई, मेलेल्यांना तुम्ही जिवंत दाखवता. खोटं काढता?"

"हो," त्या म्हणाल्या.

कोर्टात हशा झाला. दोघेही संशयाचा फायदा मिळून सुटले. निकाल ऐकून नवरा माझ्या पाया पडायला आला. मी पाय मागे घेतले.

या केसने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर सांगतो. माणूस हरवलं की आम्ही विचारतो, तक्रारदार कोण? विचारायला हवं, वाट कोण बघतंय? पुढे मी जिथे जिथे होतो तिथे मिसिंग बाईच्या ओळखीला माहेरच्या माणसाला बोलवायची पद्धत घातली. माझी बदली झाली की ती पद्धत बंद पडायची. निवृत्तीनंतर तर विचारायलाच नको. ज्या खुर्चीवर मी एवढ्या अभिमानाने बसलो, तिच्यात जोर किती होता हे मला त्या निकालाच्या दिवशी कळलं. शिकलेला माणूस खरं शोधून काढतो, यावर माझा फार विश्वास होता. खरं मी शोधून काढलं. त्याचा उपयोग कोणाला झाला, ते अजून सापडलेलं नाही.

निकालानंतर कोर्टाच्या आवारात चित्रकार बाई त्या आईपाशी आल्या. ते चित्र त्यांनी प्रदर्शनातून कधीच काढून घेतलं होतं. म्हणाल्या, "तुम्हाला हवं असेल तर चित्र तुमचं आहे."

"नगं, माय," ती म्हणाली. "घरात कुठं लावू? समद्या एकट्या उभ्या हायेत त्याच्यात." आणि चित्रकार बाईंच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तुमची काय चूक नाय. तुम्ही चांगलंच काढलं. मला लगीच वळखू आली."

मुलगा रिक्षा बघायला गेला. ती माझ्याशेजारी उभी राहिली.

"सायब, तुम्ही लई केलं. पण तुम्ही शोधलं नसतं तं बरं झालं असतं. मी औंदा जत्रंला आले असते. नाय दिसली तं म्हणले असते, गर्दी लई व्हती. पुढल्या साली आले असते."

रागाने बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती लेकराला समजावून सांगावं तसं बोलली. मग रिक्षा आली आणि ती गेली.